ऐंशी नंबरचा रस्ता सोडून

१४ जानेवारी, रविवार

८४ नंबरनेच जायचं. ठरलं. नॅचेझहून निघून लॉरेल, मनरोव्हिल, डोथन, थॉमसविल आणि तिथून सव्हाना. सहाशे बारा मैल. छापील नकाशात सहाशे पाच दिलेत. चूक! नकाशा काढणाऱ्याने डोथनचा वळसा धरलेलाच नाही. सव्हानानंतर ब्यूफर्ट, मग चार्ल्सटन. जाऊन-येऊन नऊ दिवस. मोठा महामार्ग कुठेही नाही. महामार्गाने जाणाऱ्याला पेट्रोलपंप दिसतात, गावं दिसत नाहीत.

अर्लीनला एकतीस वर्षं म्हणतोय, नेईन. शाळेच्या स्वयंपाकघरातून ती डिसेंबरात निवृत्त झाली. बायको अठ्ठावन्न वर्षांची झाली आणि तिने अजून समुद्र पाहिलेला नाही. लाज माझी आहे, तिची नाही.

जेवणानंतर नकाशा तिच्यापुढे पसरला. तिने बोट ठेवलं ते ८० नंबरवर. म्हणाली, जुनी देखणी गावं तर सगळी या रस्त्यावर आहेत—डेमोपोलिस, सेल्मा, मेकन. मी म्हटलं, तो रस्ता उखडलाय, डेमोपोलिसच्या पुढे काम चालू आहे.

काम चालू नाही. मला ठाऊक आहे.

२० जानेवारी, शनिवार

कोणत्या गावात कोणत्या वेळी पोचायचं ते आज मांडलं. ब्यूफर्टला सकाळी नऊच्या आत, कारण तिथलं काम पूर्वेला तोंड करून आहे आणि तिरप्या उन्हातच विटेचा रंग कळतो. चार्ल्सटनला दुपारी चारनंतर.

अर्लीनला वाटतंय आपण फुलं आणि जुनी घरं बघायला निघालोय. तेही आहेच. पण प्रत्येक मुक्कामाला माझी एक भिंत आहे. चोवीस वर्षं मी याच गावांतून विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, भरत हिंडलो. शाळा नववीत सुटली, कोणत्याही गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी केली नाही. बघून शिकलो. तिने यातली एकही भिंत पाहिलेली नाही. मी घरी नसायचो तेव्हा कुठे असायचो, ते एकदा बघू दे तिला.

संध्याकाळी तिची बहीण ओझेला आली होती. माझ्या वहीत डोकावली. म्हणाली, “कर्नल, लढाईला निघालात की फिरायला? हिला लघवीला कितव्या मैलावर जायचं, तेही लिहिलंय का?”

लिहिलंय. तिला दाखवलं नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

सव्हानातली अझेलियाची फुलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भरात येतात. निघायचं शनिवार, २४ मार्च, सकाळी सहा. यात बदल नाही.

२८ जानेवारी, रविवार

चर्चमधून आल्यावर अर्लीन बराच वेळ अंगणात उभी होती, कोट अंगातच. घराच्या विटांच्या चिमणीकडे बघत.

चिमणीची पूर्वेची बाजू डॉर्सीने भरली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. आमचा मुलगा. डावखुरा. उभी दर्ज भरून थापी उचलली की तिच्या टोकाचा एक तिरका ओरखडा राहतो. माझा उजवीकडे झुकतो, त्याचा डावीकडे. गावात दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. मला रस्त्यावरून दिसतो. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, उजव्या हाताने कर, नाहीतर लोकांना कळेल काम दोघांनी केलंय म्हणून.

तो म्हणाला, “कळू दे की, डॅडी.”

येत्या सहा एप्रिलला त्याला जाऊन चार वर्षं होतील. ८० नंबरवर, लिनवूड गावाच्या अलीकडे चार मैल. रविवारची सकाळ, सव्वासात. समोरून लाकडांचा ट्रक. सव्वीस वर्षांचा होता. ती जागा मी पाहिलेली नाही. अर्लीननेही नाही—मी जाऊ दिलं नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

तिने आज विचारलंच. स्वयंपाकघरातला, डॉर्सीचा भिंतीशी काढलेला फोटो पुसता पुसता. “ही बोटांची वीट लिनवूडलाच आहे ना?”

लिनवूडलाच. तिथल्या चर्चची पश्चिमेची भिंत मी ९५ साली भरली. खालून सातव्या थरात ती वीट आहे. ओल्या मातीवर कुणा पोराची चार बोटं उमटलेली. गुलामीच्या दिवसांत वाळायला घातलेल्या विटा उलटायचं काम पोरांनाच असायचं—आमच्याच, काळ्यांच्या पोरांना. त्या उन्हाळ्यात डॉर्सी माझ्याबरोबर होता, सात वर्षांचा. त्याने त्या खळग्यांत आपली बोटं घातली. बरोब्बर बसली! मग दिवसभर तो तिथून हलेना. जेवायलासुद्धा भिंतीशीच बसला.

“मग ती मला दाखवणार नाहीस?”

म्हटलं, आपल्या वाटेत येत नाही.

“किती वाकडी वाट पडेल?”

किती पडेल ते मला मैलाच्या दशांशापर्यंत माहीत असतं, हे तिला माहीत आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार

थॉमसविलला फोन केला. कब्रस्तानाचं फाटक किती वाजता उघडतं, एवढंच विचारायचं होतं. फोनवर देखभाल करणारी बाई होती, वयस्क, बोलघेवडी. मी भिंतीचा विषय काढला. काढायला नको होता.

“ती भिंत होय, बाळा? बघायला येणार असलास तर लवकर ये. विटांचे पापुद्रे सुटतायत, शिळ्या ॲपल पायच्या कडेसारखे. झाडून झाडून कंटाळले मी. कुणा शहाण्याने सिमेंट भरून ठेवलंय.”

विचारलं, कोणत्या साली भरलं. म्हणाली, तिच्या आधीची गोष्ट. मी आभार मानले. नाव सांगितलं नाही.

९३ साल. मीच भरलं.

जुनी वीट मऊ असते. पाणी पिते आणि दर्जेतल्या चुन्यातून सोडून देते. दर्जेत सिमेंट असलं की पाण्याला वाट राहत नाही. मग वीटच फुटते, तोंडापासून. हे मला ९३ मध्ये सांगणारा माणूस होता. आयसम टेट, ऐंशीचा म्हातारा, काम सुटलेला. उलट्या बादलीवर बसून माझं काम बघायचा. म्हणाला होता, “पोरा, विटेच्या आधी दर्जेने झिजायचं असतं.” मी हसलो होतो. मला शिकवणारा अजून जन्मायचाय, असंही म्हटलं होतं. त्याच्या तोंडावर.

९९ पासून मी चुनाच वापरतो. कोणाला काही बोललो नाही. आधीच्या भिंतींकडे वळून गेलो नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

थॉमसविल खोडलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

मनरोव्हिलही खोडलं. तिथलं काम ९६ चं. फोन केला नाही. करायची गरज नाही.

डॉर्सी हेच म्हणाला होता. २०१२ चा ऑगस्ट. कुठल्याशा दोन आठवड्यांच्या वर्गाला जाऊन चुन्याचं काम शिकून आला होता. ओसरीत उभा राहून म्हणाला, डॅडी, तुमच्या जुन्या भिंती मरतायत. मी म्हटलं, नाव सांग भिंतीचं. एक नाव सांग! नाव घेतलं नाही त्याने. मी म्हटलं, दोन आठवडे शाळेत बसून आलेल्याने मला भिंत दाखवू नये.

त्याने थापी ओसरीच्या कठड्यावर ठेवली. जॅक्सनला जाऊन पावाची गाडी चालवायला लागला. त्यानंतर थापी हातात धरली नाही त्याने. मी कामावर असेन तेव्हा आईला भेटून जायचा. माझ्याशी पुन्हा बोलला नाही. मीही नाही.

ती थापी तिथेच होती, गंज चढेपर्यंत. मग अर्लीनने उचलली असावी.

२४ फेब्रुवारी, शनिवार

अर्लीन म्हणाली, २४ मार्चला नको, चार-पाच एप्रिलला निघू. सहा एप्रिलला तिला तिथे असायचंय. ८० नंबरवर. मग तू म्हणशील तिकडे ने.

मी म्हटलं, तोवर सव्हानातली फुलं गळून जातील.

“मला फुलं बघायची नाहीत, हार्लन. ठेवायची आहेत.”

म्हटलं, विचार करतो. ती म्हणाली, चार वर्षं झाली तुझा विचार चाललाय.

३ मार्च, शनिवार

ओझेलाने सांगून टाकलं—ती अर्लीनला घेऊन जाणार. तिच्या गाडीने, ८० नंबरने. मी तिला म्हटलं, तुला रिव्हर्स घेता येत नाही, डेमोपोलिसपर्यंतचेच दोनशे पंचेचाळीस मैल कशी जाणार? म्हणाली, “पुढेच जायचंय, कर्नल. मागे मागे जायचं काम तुमचं.”

अर्लीन हसली नाही. ओझेलाला थांबायलाही सांगितलं नाही तिने.

जाऊन काय करतील? जागा शोधत विचारत फिरतील. पंपावर विचारतील, शेरीफच्या कचेरीत विचारतील. आणि कोणीतरी सांगेल.

४ मार्च, रविवार

हे कुठे लिहिलेलं नाही. आज लिहितो.

डॉर्सी गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी शेरीफच्या कचेरीतून फोन आला. तरुण आवाज, नम्र. म्हणाला, सर, पिकअपच्या मागच्या भागात पांढरी पावडर सांडलेली सापडलीय, बरीच आहे. तपासणीला पाठवलीय, चारपाच दिवसांत कळवतो. मी म्हटलं, कळवायची गरज नाही. गाडीतलं काही परत नको. गाडीही नको, भंगारात द्या. कागद आले, सही करून पाठवले.

लिनवूडच्या पंपामागे काय विकलं जातं ते नॅचेझपर्यंत सगळ्यांना माहीत होतं त्या वर्षी. आमच्या रस्त्यावरचे दोघे त्यातच गेले. जॅक्सनचा पाववाला रविवारी सकाळी सव्वासातला लिनवूडच्या रस्त्यावर कशाला असेल? तिथे त्याचं काम नव्हतं. नातं नव्हतं.

त्याच आठवड्यात लिनवूडहून दोनदा फोन आला. कोणी म्हातारा. “तुमच्या मुलाबद्दल एक सांगायचं होतं—” दोन्ही वेळा ठेवून दिला. काय सांगणार होता? किती पैसे द्यायचे राहिलेत ते?

अर्लीनला यातलं काही माहीत नाही. तिचा डॉर्सी पावाच्या गाडीवर दमलेला होता, त्याला डुलकी लागली. ते तसंच राहू दे, एवढंच मला हवं होतं. भिंती माझ्या मेल्या तर मेल्या. हे तरी उभं राहू दे.

२४ मार्च, शनिवार

आज सहाला निघायचं होतं. सव्हानात आज फुलं भरात असतील. अर्लीनने खिडक्या धुतल्या.

२५ मार्च, रविवार

वहीतली पानं मोजून बघितली. चौदा गावं होती. खोडून खोडून तीन उरलीत.

१ एप्रिल, रविवार

ईस्टर. काल अर्लीनने ओझेलाकडे जाऊन लाकडी क्रॉस तयार करवून आणला, रस्त्याच्या कडेला लावायला. पांढरा रंग दिलाय. त्यावर नाव तिने स्वतः काढलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, काळ्या रंगाने. डॉर्सी मॅब्री. मॅब्रीची अक्षरं शेवटी दाटली, जागा पुरली नाही. आडवी रेघही सरळ नव्हती.

ती झोपायला गेल्यावर मी क्रॉस शेडमध्ये नेला. पुन्हा पांढरा दिला. वाळू दिला. मापं घेतली, पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, मधलं अक्षर बरोब्बर मध्ये घेऊन दोन्हीकडे भरत गेलो. मुलाचं नाव इतक्या सावकाश मी कधी लिहिलं नव्हतं.

आज सकाळी तिने बघितलं. मी म्हटलं, ओझेलाला सांग येऊ नको. मी नेतो.

“८० ने?”

८० ने.

५ एप्रिल, गुरुवार. डेमोपोलिस

दोनशे सत्तेचाळीस मैल. मी दोन कमी धरले होते.

अर्लीनने बुटाच्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी आणि केकचे तुकडे भरून घेतले होते. तिची आई तशीच भरायची. त्या काळी आमच्या लोकांना वाटेत कोणी बसवून खायला घालत नसे. आता वाटेत पन्नास ठिकाणं आहेत. तरी तिने भरलंच. मेरिडियनच्या पुढे गाडी कडेला घेऊन खाल्लं. समोरून एक अंत्ययात्रा आली तेव्हा दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. आमची थांबलेलीच होती. मी टोपी काढली. अर्लीन म्हणाली, त्याला आणलं तेव्हा या रस्त्यावर लोक थांबले असतील का रे? म्हटलं, थांबले असणार. इथे थांबतात.

डेमोपोलिस खरंच देखणं आहे. नदीकाठचे पांढरे कडे, खांबांची घरं, ओसऱ्यांची निळी छतं. आम्ही नुसते त्यावरून गेलो.

मोटेलच्या खोलीत तिला सांगितलं. पावडर, सही, दोन फोन. सगळं. उद्या कोणाच्या तरी तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून. ती पलंगाच्या काठावर बसून होती. एक बूट काढलेला, एक पायात.

म्हणाली, “तपासणीत काय निघालं?”

“विचारलं नाही.”

“विचारलंच नाहीस.”

“नाही.”

“वीट पाव इंच हलली तर भिंत उतरवणारा माणूस तू. आणि माझ्या पोराबद्दल तू विचारलंही नाहीस.”

माझ्या पोराबद्दल म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. झोपलेली नाही, श्वासावरून कळतंय. दुसरा बूट अजून पायातच आहे. काढायला हात पुढे केला होता. तिने पाय ओढून घेतला.

६ एप्रिल, शुक्रवार. लिनवूड

क्रॉस रोवला. ओळंबा लावून सरळ केला. अर्लीनने विचारलं, वीट किती लांब? चार मैल.

चर्चचा म्हातारा राखणदार आवारात होता. नाव सांगितलं तशी त्याने टोपी काढली. फोनवरचा आवाज मी ओळखला. तळघरातून एक बादली आणली, एक छिन्नी, गंज घासून काढलेली थापी. आणि पांढऱ्या चुन्याचं अर्धं पोतं. म्हणाला, “तुमच्या मुलाचं. वर्षभर दर रविवारी उजाडताना यायचा, प्रार्थनेआधी दोन तास. हाताने सिमेंट काढायचा, हाताने भरायचा. आम्ही विचारलं, कशाला एवढं? म्हणायचा, भिंत घरचीच आहे.”

पांढरी पावडर! आणि मी गवंडी.

सातव्या थरातली वीट शाबूत आहे. अर्लीन तिच्यापाशी बसली आहे, बोटं बसत नाहीत तरी.

खालून अकराव्या थरापर्यंत सगळे ओरखडे डावीकडे झुकलेत. बाराव्यापासून माझं सिमेंट.